सुळ्यांचा मान

ऐका बायांनो, फार जुन्या काळची, सागाच्या रानातली गोष्ट. रेवती हत्तीण ओंडके ओढणाऱ्या टोळीची मुकादम झाली, तेव्हा तिने वनदेवीला नवस केला होता, की टोळीत कुणाचा पाय मोडू देऊ नकोस, मी दर सोमवारी उपास धरीन. सात वर्षं कुणाला खरचटलंही नाही.

एका संध्याकाळी तिने पाहिलं, की कोठीवरचा वानर दुसऱ्या टोळीच्या मुकादमापुढे, गजापुढे, गुळाचे आठ गोळे ठेवतो आणि तिच्यापुढे पाच. तिसरा मुकादम केरू जन्मापासून बिनसुळ्यांचा, त्यालाही पाचच.

“वानरभावजी, काम सारखं, मग गोळे कमी का?”

“अगं, गजाला सुळे आहेत. पहिल्यापासून सुळ्यांचा मान असतो.”

“ओंडका काय सुळ्यांनी ओढतो तो? साखळी त्याच्याही गळ्यातच आहे ना?”

वानर दात काढून हसला. “आणि तुला एवढं खाऊन काय करायचंय? तुला तर उपासाची सवयच आहे की!”

रेवतीच्या अंगाची आग झाली. “उपास मी देवीसाठी धरते मेल्या, तुझी कोठी भरावी म्हणून नाही!” तिने गळ्यातली साखळी काढून त्याच्यापुढे आपटली. केरूनेही आपटली. दोघांच्याही टोळ्या खाली बसल्या.

तीन दिवस त्यांच्या वाट्याचे ओंडके रानातच पडून राहिले. चौथ्या दिवशी वानराने मुकाट्याने दोघांपुढे आठ-आठ गोळे मांडले. केरूने सोंड पुढे केली, ती रेवतीने अडवली.

“हे आजचे झाले, भावजी. सात वर्षांचे रोजचे तीन-तीन कुठे आहेत?”

बायांनो, तुम्हीही आपली वाटणी मागाल, तेव्हा मागचंही मागा. देवी काही रागावत नाही.