चौथा पेड

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हाचे राजे गेले, राजवाडे गेले, नद्यांनीसुद्धा आपले काठ बदलले. गोष्ट मात्र राहिली, कारण माणसं फारशी बदलली नाहीत.

एका मोठ्या नदीच्या काठी दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. तिथला दोर नदीच्या मुखाशी जायचा आणि समुद्रावरच्या गलबतांना लागायचा. चार पेडांचा दोर. तीन पेड बाहेरून दिसायचे; चौथा आत, गाभ्यात असायचा. तो कुणाच्या नजरेला पडत नसे, पण खरा भार पेलायचा तोच. म्हणून अंबाडीच्या सालीचा सगळ्यात लांब, सगळ्यात चिवट धागा, म्हणजे वाख, या लोकांनी चौथ्या पेडासाठी राखून ठेवलेला असे.

दोराला पीळ देणारा माणूस दोराकडे तोंड करून मागे मागे सरकत जातो. शेजारच्या गावांतली माणसं त्यावरून थट्टा करायची, ‘यांना आलेली वाट दिसते, जायची दिसत नाही.’ थट्टेत थोडं खरंही होतं, ते पुढे कळेलच.

दोरांचा मांडव एका मालकाचा होता. दिवस मावळायच्या सुमारास तो कोठीच्या दारात बसायचा आणि ज्याच्या त्याच्या टोपलीत चार मापं जोंधळा घालायचा. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. आई जेवायला वाढते तेव्हा घास मोजत नाही, तशी ती चार मापंही कुणी मोजत नसे.

मग समुद्रापलीकडच्या देशांत लढाई पेटली. गलबतं येईनाशी झाली. कोठार दोराच्या वेटोळ्यांनी भरत चाललं आणि जोंधळ्याची कोठी रिकामी होत चालली. मालकाने आधी बैलजोडी विकली, मग बायकोच्या पाटल्या विकल्या, तेही लांबच्या बाजारात जाऊन, कुणाला कळू न देता. घरात दोन्ही वेळा आंबील शिजू लागली. पण बाहेर पडताना तो पागोटं तसंच ताठ बांधायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं. कोठीचं दारही आता तो हातभरच उघडायचा.

एका संध्याकाळी त्याने प्रत्येकाच्या टोपलीत तीनच मापं घातली.

भिवा हा मांडवातला सगळ्यात हुशार कारागीर. टोपली तशीच पुढे धरून तो म्हणाला, “मालक, एक माप राहिलं.”

“राहिलं नाही. आजपासून तीनच.”

“का बरं?”

“का म्हणजे? परवडत असेल त्यानं यावं, नसेल त्यानं आपली वाट धरावी.”

बघा, खरं सांगायला चार शब्द पुरले असते. पण लाजेपोटी माणूस भलतंच बोलतो, आणि तेही वरच्या आवाजात.

त्या रात्री कुणाच्याही घरात धड स्वैपाक झाला नाही. दुसऱ्या दिवशी मांडवात सगळे कुजबुजू लागले. कुणी म्हणालं, मालकाच्या घरी तुपाचा वास येतो. कुणी म्हणालं, कोठीत धान्य कुजतंय पण तो देत नाही.

“दार झाकतोय म्हणजे आत काहीतरी असणारच,” भिवा म्हणाला. “त्यानं चौथं माप काढलं ना? आपण चौथा पेड काढू. बाहेर तीन पेड चांगले, आत सडका वाख. कोण बघतंय?”

वाख निवडणारी ठमाआत्या कोपऱ्यात बसली होती. मांडवात तिच्याएवढं वय कुणाचं नव्हतं. ती म्हणाली, “भिवा, पोटावर पाय आलाय, राग येणारच. मग जा आणि भांड त्याच्याशी. कोठी उघड म्हण. नाही उघडली तर काम बंद कर. पण जे करशील ते चारचौघांत कर.”

“आणि उद्यापासून आत्ताची तीनही घालवू?” भिवा म्हणाला. “दोर जाणार समुद्रावर. तिकडं तुटला तर आपल्याला कोण विचारायला येतंय?”

भीतीने सगळे गप्प बसले. आणि आत्याही अखेर गप्प बसली, कारण तिच्या टोपलीतही तीनच मापं होती.

पहिला पोकळ दोर वळताना भिवाने चारदा इकडेतिकडे पाहिलं. दुसऱ्या वेळी एकदाच. पुढे पुढे तर सडका वाख गाभ्यात भरायची त्याला सवयच झाली. मालक दोरावरून हात फिरवायचा, मान डोलवायचा आणि वेटोळं कोठारात रचायचा. गलबतं तर येतच नव्हती. मंदीतला माल तो, जाणार कुठे? समुद्रावर जाईल म्हणून वळलेला तो दोर गावातच पडून राहिला. एवढी साधी गोष्ट एवढ्या हुशार माणसाच्या ध्यानात आली नाही.

इकडे घरात चौथ्या मापाची उणीव भासू लागली. भिवाची बायको गोदा पैलतीरावरच्या शेतांत खुडणीला जाऊ लागली. गावातल्या आणखी बायका तिच्या सोबतीला निघाल्या. नदीवर या काठापासून त्या काठापर्यंत एक जाड दोर ताणून बांधलेला होता. नाव त्या दोराला कडीने अडकवलेली असायची आणि नावाडी दोर ओढत ओढत ती पैलतीरी न्यायचा. गोदा सकाळी धाकट्या लेकीला कडेवर घेऊन जायची आणि संध्याकाळी दाण्यांचं गाठोडं घेऊन यायची.

एकदा वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि नदी फुगली. नावाडी मालकाकडे आला. “दोर झिजलाय, मालक. आजच्या पाण्याला टिकायचा नाही. पण नवा घ्यायला माझ्याजवळ काही नाही.”

मालक म्हणाला, “कोठारात दोरांची रास पडलीय. आपल्याच लेकीबाळी त्या नावेत बसतात, तुझ्याकडून काय घ्यायचं? चल.” आणि त्याने पुढचं, सगळ्यात ताजं वेटोळं स्वतः खांद्यावर घेतलं. बिचाऱ्याला वाटलं, नवा तोच चांगला.

भिवा त्या दिवशी पीळ देत होता. दोराकडे तोंड करून मागे मागे सरकत तो मांडवाच्या नदीकडच्या टोकाला पोचला आणि तिथे सहज वळला. नदीवर पिवळाधमक नवा दोर ताणलेला होता. त्याला लटकून नाव मधोमध आली होती. नावेत बायका होत्या, गाठोडी होती, आणि पुढच्या टोकाला गोदा लेकीला पोटाशी धरून बसली होती.

भिवा काठाकडे धावत सुटला. मालक तिथेच उभा होता, आपण दिलेल्या दोराकडे कौतुकाने बघत. भिवाने दोन्ही हात तोंडाशी नेले.

“सावकाश!” तो ओरडला. “सावकाश ओढा!”

एवढंच. पुढचं बोलावं तर पोट जाणार, अब्रू जाणार, कदाचित गावही सोडावं लागणार. काठाला यायला अर्धंच अंतर उरलंय, तेवढा वेळ टिकेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात दोराचा बाहेरचा एक पेड फाटकन तुटला आणि लोंबू लागला. बायका किंचाळल्या.

“दोर पोकळ आहे!” भिवा जिवाच्या आकांताने ओरडला. “गाभा सडका आहे, मीच वळलाय! कोठारातला मागचा, जुना दोर आणा! पळा!”

मालकाने त्याच्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांआधी तोच कोठाराकडे पळाला. सगळ्यांनी मिळून भिंतीजवळचं धुळीने माखलेलं वेटोळं फरफटत आणलं. भिवाने त्याचं एक टोक कमरेला बांधलं आणि पाण्यात उडी घेतली. पाणी त्याला खाली ओढत होतं. दुसरा पेड तुटला. भिवाचा हात नावेच्या कडेला लागला. गोदाने त्याच्या कमरेचं टोक सोडवून घेतलं आणि नावेच्या पुढच्या कडीला गाठ मारली. ती गाठ आवळते न आवळते तोच नवा दोर तुटला. नाव गर्रकन फिरली, कलली. गाठोडी एकामागून एक नदीत गेली. बायका मात्र एकमेकींना धरून राहिल्या. काठावरच्यांनी जीव खाऊन जुना दोर ओढला, आणि जुना दोर टिकला. त्याच्या पोटात चौथा पेड होता.

नाव काठाला लागली तेव्हा मालकाने भिवाची मानगूट धरली. “माझ्या अन्नाला जागला नाहीस!”

“तुम्ही अन्न कोंडून ठेवलंत!” भिवा रडत म्हणाला.

“कोंडून?” मालकाने त्याला तसंच ओढत कोठीपाशी नेलं आणि दार सताड उघडलं. आत कोपऱ्यात झाडून गोळा केलेला जोंधळ्याचा छोटासा ढीग होता, बाकी सगळी कोठी रिकामी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? भिवा त्या रिकाम्या भिंतींकडे बघत राहिला. मालकाची पकड आपोआप सुटली.

ठमाआत्या मागून आली. “तू कोठी झाकलीस,” ती मालकाला म्हणाली. “यानं गाभा झाकला. आणि मला सगळं ठाऊक होतं, मी तोंड झाकलं. त्या पोरीबाळींना आपण तिघं मिळून बुडवायला निघालो होतो.”

गोदा ओल्या लेकीला पदराने पुसत होती आणि नवऱ्याकडे बघत नव्हती. कितीतरी दिवस तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी भिवाने एकेक पोकळ वेटोळं ओळखून बाहेर काढलं आणि सगळ्या गावासमोर जाळलं. इतक्या महिन्यांचे कष्ट, सगळे धुरात गेले. संध्याकाळी कोठीचं दार सताड उघडं होतं. आत काय आहे ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, आता दोनच मापं घ्यायची. तीनसुद्धा नाहीत. माप आत्याच्या हातात दिलं. रांगेत सगळ्यात शेवटी मालक उभा होता, स्वतःची टोपली घेऊन. त्यालाही दोनच मिळाली.

काहीजणांचं तेवढ्यात भागेना. ते दुसऱ्या मुलखात गेले, पण सांगून गेले, आणि बाकीच्यांनी त्यांना भाकरी बांधून दिली. राहिलेल्यांनी आळीपाळीने पैलतीरी खुडणी करून कोठीत दाणे आणले आणि दोर कमी वळला. पण वळला तो चार पेडांचा.

गलबतं परत यायला फार काळ लागला. ती आली, चार मापंही परत आली. कोठीचं दार मात्र त्या गावात पुन्हा कुणी लावलं नाही.

म्हणून लक्षात ठेवा: टंचाई उघड्यावर वाटून घेतली तर निभते; झाकून एकमेकांवर ढकलली, की आपल्याच माणसांच्या नावेचा दोर तुटतो.