तळं गोल आहे, भेटूच

शपथेवर सांगतो, गोष्ट खरी आहे. म्हणजे मला ती एका कुत्र्यानं सांगितली, आणि तो बिस्किटासाठी काहीही बोलतो.

फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे कुत्र्यांच्या हिशोबानं, गेल्या दिवाळीत, झिपऱ्या आणि म्हातारी भुरी रोज तळ्याला फेरी मारायचे. झिपऱ्या सुसाट पुढे, भुरी मागून लंगडत.

"अरे, जरा दमानं. बरोबर जाऊ की," ती म्हणायची.

"मावशी, तळं गोल आहे. भेटूच!"

आणि खरंच भेटायचे. फेरी मारून तो मागून यायचा, तिची शेपटी ओढायचा, शिव्या खायचा.

एक दिवस फेरी झाली तरी मावशी दिसेना. झिपऱ्याला वाटलं, आज म्हातारी जोरात पळतेय. मग तो आणखी जोरात पळाला. दुपारपर्यंत पळतच होता.

शेवटी बांधावरचं कासव म्हणालं, "बाबा, ती सकाळीच जांभळीखाली आडवी झाली. तू दर फेरीला तिच्यावरून उडी मारून जातोयस. पहिल्या वेळी तिनं हाक मारली होती."

आता झिपऱ्या हळू चालतो, तेही उलट्या दिशेनं. समोरून आली तर चुकामूक नको, म्हणतो.

संपली गोष्ट. काढा दोन बिस्किटं. एक तो खातो, दुसरं जांभळीखाली ठेवून येतो.