मिठातला तारा

खाडीकाठच्या एका गावात मीठ पिकवणारा एक बाप, त्याची लेक आणि लेकीचे आजोबा राहत होते. एका तिन्हीसांजेला आभाळ लख्ख उजळले, त्यांच्या घराची कौले फुटली आणि चुलीपाशी एक काळा, जड दगड येऊन आदळला.

धुरळा बसल्यावर बापाने तो लेकीच्या ओंजळीत ठेवला. "तारा आलाय तुझ्या घरी. सांभाळशील ना?"

लेकीने दगड कोरड्या फडक्यात गुंडाळून चुलीवरच्या फळीवर ठेवला.

त्याच वर्षी पावसाळ्यात बापाची होडी खाडीत उलटली. त्याचा देहही हाती लागला नाही. लेकीजवळ उरला तो फक्त दगड.

दिवसकार्य उरकल्यावर आजोबांनी तो मागितला. "माझ्या पोराची शेवटची वस्तू अशी फडक्यात ठेवतात का? मिठाच्या बरणीत घालू. मिठात काही नासत नाही."

"आजा, आपली फावडी मिठानेच गंजतात," लेक म्हणाली. "हा दगडही घासला की लोखंडासारखा चमकतो. त्याला कोरडाच राहू दे."

"काल तुझे दुधाचे दात पडले आणि मला मीठ शिकवतेस?"

ओसरीवरची म्हातारी मंडळी हसली. "आमच्या कैऱ्या वर्ष वर्ष टिकतात मिठात," शेजारची आजी म्हणाली.

"ही कैरी आहे का?"

"उलट बोलते," आजी म्हणाली, आणि मग कोणी लेकीचे ऐकलेच नाही.

दगड मिठात गेला. बरणीच्या तोंडाला दादरा बांधला. तो सोडायला लेकीला एक क्षण पुरला असता. रोज तिचा हात तिथवर जाई. पण दुःखातल्या म्हाताऱ्याचे मन मोडू नये, असे सगळ्यांनी तिला बजावले होते. ती गप्प राहिली.

वर्षश्राद्धाला आजोबांनी बरणी उघडली. ओल धरलेले मीठ विटकरी झाले होते. त्यांनी दगड उचलला, तसे त्याचे पापुद्रे सुटून खाली पडले. कोपरापर्यंत हात घालून ते मीठ चाचपत राहिले. हाती आला तो तांबडा चुरा.

"मी जपायलाच ठेवला होता गं."

"हो आजा." लेकीने त्यांचा माखलेला हात पुसला. "मलाही तो जपायचाच होता."

मग ती एकटीच खाडीवर गेली आणि बाप गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

तात्पर्य एवढेच: माया असली म्हणून जपायची रीत कळतेच असे नाही, आणि केस पिकले म्हणून तर मुळीच नाही. ज्याला ठाऊक आहे त्याचे ऐकावे. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याने गप्प बसू नये.