महापौरांची कुदळ

त्या दिवशी वैशाखाचं ऊन असं पेटलं होतं, की भिवरनगरच्या टाऊन हॉलातले पंखेसुद्धा गरम वाराच ढवळत बसले होते. अशा उकाड्यात महापौर रायभानजी डोईफोडे यांचा जनता दरबार भरला, आणि लिंबाजीतात्या प्रश्न विचारायला उठला.

उठला म्हणजे उठू लागला. त्याचे गुडघे सरळ होईतो दोघांचे प्रश्न विचारून झाले, तिसरा घरीसुद्धा गेला.

"साहेब, खापरी गल्लीतली पाण्याची लाईन..." तात्या म्हणाला. "चार वर्षांमागं तुम्ही भूमिपूजन केलंत. नारळ फोडलात. त्या खड्ड्यात आता कोंबड्या अंडी घालतात. आमच्या बायका अजून चढावरून हंडे वाहतात."

महापौरांनी कपाळावर आठ्या चढवल्या. "अरे लिंबाजी, तू महापालिकेच्या स्टोअरातला शिपाई! दर भूमिपूजनाला कुदळ घेऊन तूच तर उभा असतोस! पाच वर्षांत मी चौऱ्याऐंशी कामांना कुदळ मारली. खरं की खोटं?"

"खरं, साहेब."

"मग पुढच्या सोमवारी याच हॉलात माझा पाच वर्षांचा कारभार लोकांना सांग! पण खोटं एक अक्षर बोलायचं नाही, आणि माझी निंदाही करायची नाही. जमलं तर तुझ्या गल्लीत नळ. नाही जमलं तर अख्खी खापरी गल्ली माझ्या मिरवणुकीत फुलं उधळायला येईल, आणि पुन्हा पाण्याचं नाव काढणार नाही! कबूल?"

हॉल खदखदून हसला. निंदा न करता खरं सांगायचं म्हणजे तोंडात पाणी धरून शीळ घालायची! तात्यानं विचार करायला मान खाली घातली, आणि सगळ्यांना वाटलं त्यानं होकार दिला.

गल्लीत बातमी त्याच्याआधी पोचली. शेजारची हौसाक्का फाटकाला बांधलेली सुतळी सोडत होती. हंडा डोक्यावर, सुतळी दातांत.

"काय हो तात्या, आमच्या वतीनं कबूल करून आलात म्हणे! आता फुलं तुम्हीच विकत आणा!"

"अक्का, मला उत्तर सुचतं, पण घरी आल्यावर."

"मग आता घरीच आहात की! सुचलं?"

"अजून उंबरा ओलांडायचाय," तात्या म्हणाला. "आणि तुमच्या फाटकाची कडी मी परवा बसवतोच."

अक्कानं सुतळी सोडली आणि फाटक पायानं ढकललं.

सहा दिवस तात्यानं डोकं खाजवलं. डोक्यावर होते तेवढे केस गेले, युक्ती काही आली नाही. सातव्या दिवशी परसातली आळी खणायला त्यानं आपली जुनी कुदळ काढली. पाच वर्षांमागं बाजारातून आणलेली. आता पातं झिजून पालथ्या पंजाएवढं राहिलं होतं, आणि दांडा हाताच्या घामानं काळा पडलेला. तात्या तिच्याकडं बघत राहिला. मग महापालिकेच्या स्टोअराकडं बघत राहिला, ते तिथून दिसत नसतानाही. मग त्यानं आपल्याच थोबाडीत हलकीशी मारून घेतली.

"पाच वर्षं तिला पुसतोयस, शहाण्या! आणि दिसलं आज?"

सोमवारी हॉल तुडुंब भरला. तात्या काखेत दोन लांबोळी गाठोडी घेऊन व्यासपीठावर चढला. तिसऱ्या पायरीवर थांबून त्यानं दम खाल्ला.

"बोल, लिंबाजी!" महापौर मिशीवर हात फिरवत म्हणाले. "अट ध्यानात आहे ना?"

"आहे, साहेब. म्हणून मी थोडंच बोलणार." तात्यानं पहिलं गाठोडं सोडलं. "ही माझी कुदळ. पाच वर्षांची. एकच परस खणलं, तर बघा कशी झिजून गेली! वस्तू जपायची अक्कल मला नाही."

लोक हसले. तात्याही हसला.

मग त्यानं दुसरं गाठोडं सोडलं. झेंडूची माळ गुंडाळलेली कुदळ निघाली. पातं आरशासारखं लखलखत होतं.

"आणि ही साहेबांची. हीसुद्धा पाच वर्षांचीच. हिनं या शहरात चौऱ्याऐंशी कामं सुरू केली. रस्ते, गटारं, पूल, आमची लाईन! आणि बघा मंडळी, धार जशीच्या तशी! दांड्यावर दुकानाचं लेबलसुद्धा अजून निघालेलं नाही!" त्यानं हात जोडले. "सरकारी वस्तू एवढी जपून वापरणारा महापौर मी जन्मात पाहिला नाही!"

महापौरांचा चेहरा लाल झाला. यात खोटं कुठं होतं? निंदा तरी कुठं होती? त्यांनी लेबलावर नख घासून पाहिलं. ते खरंच पक्कं होतं! आणि मग रायभानजींचं पोट हलायला लागलं. ते असे हसले, असे हसले, की फेटा सुटून मांडीवर आला.

"हरलो रे बाबा! माझ्याच कुदळीनं मला खणून काढलंस!" डोळे पुसत ते म्हणाले. "उद्या सकाळी सातला खापरी गल्लीत! नारळ नाही, हार नाही. पहिले दहा हात मी स्वतः खणणार, आणि हे लेबल निघेपर्यंत कुदळ खाली ठेवणार नाही!"

अंगावरची शाल काढून त्यांनी तात्याच्या खांद्यावर घातली.

आणि खणलं त्यांनी! लेबल तिसऱ्या हाताला निघालं, तळहाताला फोड पाचव्या हाताला आले. महिन्याभरात खापरी गल्लीत नळ खळखळला. त्या उकाड्यातही तात्या शाल पांघरून नळापाशी उभा राहिला. जो येईल त्याला सांगत होता, "राज्य करणाऱ्याला जाब विचारावा लागतो, बाबा! पाच पाच वर्षं नुसतं आज करतो, उद्या करतो? छे!"

हौसाक्कानं हंडा भरला, कमरेवर घेतला, आपल्या फाटकाची सुतळी सोडली आणि मागं वळून म्हणाली, "ते सगळं खरं हो, तात्या. पण माझ्या फाटकाची कडी परवा बसवतो म्हणताय, त्याला तीन वर्षं झाली. तिचं निदान भूमिपूजन तरी करून जा!"