सर्व्हरवाल्या बाईंचा गुप्त प्रश्न

कॉलेजच्या तळघरात, सर्व्हरच्या गार खोलीत कुमुदिनी गवाणकर एकट्याच बसत. डबाही तिथेच खात. वर कुणाचा कॉम्प्युटर अडला की फोन येई, "सर्व्हरवाल्या बाई, जरा बघा." त्या बघत. मग खोलीत पुन्हा पंख्यांची घरघर तेवढी उरे.

प्राचार्य सबनीस मात्र प्रत्येक भाषणात सांगत, "कॉलेज म्हणजे माझं कुटुंब. इथल्या प्रत्येकाला मी नावानिशी ओळखतो."

निकालाच्या दिवशी पाहुण्यांसमोर स्वतःच निकाल जाहीर करायची त्यांना हौस आली. बाईंना न विचारता ते अ‍ॅडमिनच्या खात्यात शिरू लागले, चुकीचे पासवर्ड टाकत राहिले आणि खातं लॉक झालं. पडद्यावर ते उघडण्यासाठीचा गुप्त प्रश्न आला, 'हा सर्व्हर कोण सांभाळतं? पूर्ण नाव लिहा.'

प्राचार्यांनी उपप्राचार्यांकडे पाहिलं, उपप्राचार्यांनी कारकुनाकडे. सभागृहात मुलं ताटकळली होती. शेवटी तिघेही तळघरात उतरले.

"हा काय पोरकटपणा, बाई?" प्राचार्य कडाडले. "गुप्त प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणाला येता कामा नये, एवढंही कळत नाही?"

"कळतं ना, सर. म्हणूनच हा निवडला. तुमच्यापैकी कुणाला आलं?"

बाईंनी उत्तर लिहिलं. पडद्यावर नुसते ठिपके उमटले आणि खातं उघडलं.

प्राचार्य नरमले. "बरं, नाव काय तुमचं?"

"ते सांगितलं, सर, तर मला प्रश्न बदलावा लागेल."