भरलेलं कपाट

“आठही गाण्यांत सोलो मागितला, यात माझं काय चुकलं, मेस्त?”

वरदने हे विचारलं तेव्हा बेनितो मेस्त जिन्याखालच्या खोलीत सकाळची पेज पीत बसले होते. गोव्यात वाद्य शिकवणाऱ्याला मेस्त म्हणतात. दिवाडी बेटावरच्या या म्हाताऱ्याकडे वरद डबल बास शिकला होता. माणसाहून उंच, उभ्यानं वाजवायचं वाद्य; त्याच्या खर्जातल्या ठेक्यावर बाकीची वाद्यं उभी राहतात. वरद ते सुरेख वाजवतो. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगतो, त्यामुळे इतरांचा त्रास वाचतो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या जॅझ चौकडीचा पहिला अल्बम रेकॉर्ड व्हायचा होता. स्टुडिओ ठरला होता, चौकडी मात्र मोडायच्या बेतात होती. बाकीचे तिघं व्हरांड्यात तोंडं फुगवून बसले होते.

“आठही?” मेस्तनी विचारलं.

“प्रत्येक गाण्यात एकदाच. तेवढा वेळ बाकीच्यांनी थांबायचं, मी एकट्यानं वाजवायचं.”

“आणि उरलेला वेळ?”

“उरलेल्या वेळातही मी थोडं थोडं...”

“थोडं थोडं?” व्हरांड्यातून फ्लाविया ओरडली. ती सॅक्सोफोन वाजवते, तिचा दम मोठा आहे. “मेस्त, आम्ही पाय टाकतो तिथली जमीनच हा उचलून पळतो! उद्या मी येणार नाही. सांगून ठेवते.”

पियानोवाल्या केदारने जोरजोरात मान हलवली. ड्रमवाल्या लुईझने हलवली नाही, पण तो हातांशिवाय काहीच हलवत नाही.

वरदचा चेहरा पडला.

“मेस्त, हा अल्बम झाला नाही तर... मी नोकरी सोडलीय हो याच्यासाठी.”

मेस्तनी पेज संपवली. वाडगा खाली ठेवला.

“सांगतो. आधी माझं कपाट खाली आणा.”

कपाट वरच्या मजल्यावर होतं. बुटकं, शिसवी, जॅझच्या अल्बमांनी गच्च भरलेलं. त्यातल्या पुष्कळ अल्बमांवर बास मेस्तनीच वाजवला होता. त्यांचं नाव कव्हरच्या मागे, तळाशी, बारीक अक्षरांत असे. एकच गाणं पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायला, टेकवर टेक घ्यायला लावण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. स्टुडिओवाले त्यांना बघूनच चहा मागवत.

“रिकामं करून आणू?” वरदने विचारलं.

“भरलेलंच.”

जिना लाकडी आणि अरुंद. वरून फ्लाविया आणि केदारने धरलं, कठड्याच्या बाजूने लुईझने.

“आणि मी?” वरदने विचारलं.

“खालून, पुता,” मेस्त लाडानं म्हणाले.

मेस्तनी आपली खुर्ची जिन्यासमोरून जरा बाजूला सरकवली. ते म्हातारे होते, वेडे नव्हते.

सुरुवात झोकात झाली. वरद पहिल्या पायऱ्या झपझप उतरला. मग त्याने एक हात काढून दुसरीकडे धरला. मग कपाट खांद्यावर कसं तोलता येतं तेही दाखवायला गेला.

वर केदारचं डोकं भिंतीवर आपटलं.

“अरे, सरळ उतर ना!”

“सरळच तर...”

कपाट कलंडलं. आतले अल्बम धडाधड घसरले. फ्लावियाने येशूचं नाव घेतलं. लगेच वरदचंही घेतलं, पण वेगळ्या सुरात.

आता सगळा भार वरदच्या छातीवर आला होता. त्याला दरदरून घाम फुटला.

“एक...” तो पुटपुटला आणि एक पायरी उतरला. “दोन...” आणखी एक. “तीन... चार... एक... दोन...”

वरची पावलं त्याच्या पावलांबरोबर पडू लागली. फ्लाविया चक्क गुणगुणायला लागली. लुईझची मान डोलू लागली.

“शाबास,” मेस्त म्हणाले. “आता सोलो घे.”

“काय?”

“सोलो घे. आम्ही ऐकतोय.”

“मेस्त, मी आत्ता जरा इकडेतिकडे हललो तर हे तिघंही माझ्या डोक्यावर येतील!”

“बरं. मग राहू दे,” मेस्त म्हणाले.

कपाट खाली टेकलं. वरद फरशीवर बसला.

फ्लाविया चेमटलेलं बोट चोखत उभी होती.

“उद्या किती वाजता यायचं?” तिने विचारलं.

वरदने मान वर केली. डोळे ओले होते. तो घाम असल्याचं नंतर त्याने सांगितलं, कुणालाच पटलं नाही.

“नऊला,” तो म्हणाला. “आणि... एक सोलो? अगदी शेवटी? तुमची हरकत नसेल तर.”

“बघू,” फ्लाविया म्हणाली, आणि हसली.

मेस्त उठले. त्यांनी कपाटाला थोपटलं, मग फरशीकडे बराच वेळ पाहिलं.

“पण पावसाळ्यात इथे गुडघाभर पाणी येतं.”

चौघं एकमेकांकडे बघू लागले.

“पहिला टेक बरा झाला,” मेस्त म्हणाले. “वर न्या. दुसरा घेऊ.”