भिंतीवरची सनई

“म्हणजे एकाचीही गळत नाही?”

“एकाचीही नाही, सर.”

“खोकताना? शिंकताना?”

“नाही. कुणाचीच तक्रार नाही.”

खासनीस सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तेच पान पुन्हा वाचायला घेतलं.

सांगलीच्या आसपास लघवीच्या विकारांचे जे सर्जन आहेत, त्यांतले बरेचसे सरांच्या हाताखाली शिकलेले. समोर बसलेला डॉक्टर सुकुमार मगदूम हा त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. निदान सुकुमारचं तरी तसं मत होतं.

म्हातारपणी प्रोस्टेट ग्रंथी वाढते, लघवी तुंबते. मग नळी येते, नळीला पिशवी येते, आणि पिशवीबरोबर लाज. सुकुमार लेसरनं ती गाठ काढायचा आणि माणूस मोकळा व्हायचा. डॉक्टरच्या हाताला गुण आहे, असं लोक म्हणत. ऐकून ऐकून ते सुकुमारलाही पटलं होतं.

या सगळ्या रुग्णांचं पुढं काय झालं, यावर त्यानं शोधनिबंध लिहिला होता. रक्तस्राव कुणाला झाला, ताप कुणाला आला, नळी पुन्हा कुणाला घालावी लागली, सगळं सरळ मांडलं होतं. त्यात लबाडी नव्हती. पण लघवी गळण्याच्या रकान्यात शून्य होतं आणि त्या शून्यावर त्याचा फार जीव होता. पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचा होता, आणि मार्गदर्शक म्हणून त्यावर सरांचं नाव हवं होतं. ज्यांनी हातात चाकू दिला, त्यांचे उपकार थोडे तरी फिटावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं.

सुकुमारच्या दवाखान्यात टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. तो तिथं कायमच असे. बरा झालेला माणूस डॉक्टरला पेढे देतो, ही आपल्याकडची रीतच आहे.

सुकुमारनं बॉक्स पुढं केला. सरांनी एक पेढा उचलला, पण खाल्ला नाही. रुमालात गुंडाळून खिशात ठेवला.

“विचारलं कुणी?”

“मी स्वतः, सर. प्रत्येकाला. या खुर्चीत बसवून.”

“काय विचारलंस?”

“आता त्रास नाही ना काही?”

“हं...”

सरांची नजर भिंतीवर गेली. तिथं काचेच्या पेटीत एक सनई होती. जुनी, बोटांच्या जागी गुळगुळीत झालेली.

सुकुमारचा चेहरा फुलला. तो याचीच वाट बघत होता. त्यानं सगळी हकीकत सांगितली. जतकडच्या एका गावात मल्लाप्पा कोरवी म्हणून सनईवाले आहेत. सिद्धेश्वराच्या देवळात पहाटे सनई वाजवायचं काम त्यांच्या घरात पिढ्यांपासून चालत आलेलं. प्रोस्टेटमुळं बरेच महिने पिशवी लावून हिंडत होते आणि पिशवी घेऊन देवापुढं बसायचं कसं, म्हणून झुरत होते. सुकुमारनं शस्त्रक्रिया केली, पिशवी गेली. काही दिवसांनी म्हातारा पेढे घेऊन आला आणि ही सनई त्यानं टेबलावर ठेवली. घ्या म्हणाला, तुमच्याकडं राहू द्या.

“त्यांच्या आजोबांची सनई, सर. ती मला दिली त्यांनी... याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं?”

सर उठून पेटीजवळ गेले. बराच वेळ बघत राहिले.

“त्यांच्याकडे दुसरी आहे?”

“काय?”

“सनई.”

सुकुमारला माहीत नव्हतं. त्यानं विचारलं नव्हतं.

“नाव घाल माझं,” सर म्हणाले. “पण आधी मला ही ऐकायची आहे.”

म्हाताऱ्या माणसाला लहर येते, असं सुकुमारला वाटलं. पण ही लहर त्याला आवडली. रुग्ण आपल्याबद्दल काय बोलतात, ते सरांना समक्ष ऐकायला मिळणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सनई काढून सरांच्या मांडीवर दिली आणि गाडी जतच्या रस्त्याला लावली.

गावात शिरताना सनई ऐकू आली. सुकुमार म्हणाला, बघा, वाजवतायत. गाडी देवळापाशी पोचली तेव्हा कळलं की आवाज खांबावरच्या कर्ण्यातून येतोय. पुजाऱ्यानं मोबाइल लावून ठेवला होता.

सर सनई सांभाळत गाडीतून उतरले.

मल्लाप्पांचं घर देवळामागंच होतं. डॉक्टर आलेले बघून म्हाताऱ्याला काय करू न् काय नको असं झालं. त्यानं घोंगडं अंथरलं, पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या, शेजाऱ्यांना हाका मारल्या आणि सगळ्यांना सांगितलं की हाच तो देवमाणूस, यानंच मला पिशवीतनं सोडवलं. सांगताना त्याचे डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं, हे इथं सांगून ठेवलं पाहिजे. माणूस इतका मनापासून उपकार मानताना फार क्वचित दिसतो. सुकुमारनं हळूच सरांकडं पाहिलं.

चहा झाला. शेजारी आपापल्या कामाला गेले. मग सरांनी मांडीवरची सनई दोन्ही हातांनी पुढं केली.

“मल्लाप्पा, मी ऐकायला आलोय.”

म्हाताऱ्याचा हात पुढं झाला आणि थांबला. तो म्हणाला, दात गेले. मग म्हणाला, दम पुरत नाही. मग म्हणाला, सनईच्या तोंडाला पत्ती नाही, पत्तीशिवाय वाजायची कशी.

सर हात तसेच पुढं करून बसले होते.

दाराशी मल्लाप्पांची बायको काशव्वा उभी होती. ती नवऱ्याकडं बघत होती. “चंचीत हाय की पत्ती,” ती हळूच म्हणाली. “रोज काढून बघतायसा.”

मल्लाप्पांनी मान खाली घातली. कमरेची चंची सोडली. पानतंबाखूच्या खणाशेजारी, चिंधीत गुंडाळलेली पत्ती निघाली. सनई दिली होती, ती तेवढी द्यायची राहिली होती.

त्यांनी पत्ती ओठांत धरून भिजवली.

तेवढ्यात काशव्वा आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात जुन्या लुगड्याची जाड घडी होती. तिनं ती घोंगड्यावर ठेवली. मल्लाप्पा सरकून त्या घडीवर बसले.

सुकुमारनं ती घडी पाहिली...

सनई सुरू झाली. आधी खालच्या सुरांत, चाचपत. मग गळा मोकळा व्हावा तशी ती मोकळी झाली. अंगणातल्या शेळ्यासुद्धा माना वर करून उभ्या राहिल्या. एवढी गोड सनई काचेच्या पेटीत गप्प पडून होती, या विचारानं कुणाचंही पोट तुटलं असतं. सूर वर चढत गेला. मल्लाप्पांचे गाल फुगले, मानेच्या शिरा तटतटल्या, पोट आत गेलं, आणि सगळ्यात वरच्या जागी पोचता पोचता सनई थांबली.

म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले. तो जागचा हलला नाही.

देवळावरच्या कर्ण्यात ती दुसरी सनई चालूच होती.

“मामा...” सुकुमार खुर्चीतच पुढं वाकला. “कधीपासून?”

“पिशवी काढली तवापासनं.”

“मला का सांगितलं नाहीत?”

मल्लाप्पांनी डोळे उघडले. त्यांना वाईट वाटत होतं ते स्वतःसाठी नव्हे. डॉक्टरचा चेहरा उतरला होता, म्हणून.

“साहेब, तुमी मला पिशवीतनं सोडवलं. त्यो उपकार काय थोडा हाय? त्यावर आनी ही रड कशी सांगायची? तुमी तर यवढ्या आनंदानं इचारायचा... मग ‘न्हाई’ म्हनायचो.”

“आणि ही सनई?”

म्हातारा सनईवरून बोट फिरवत राहिला.

“जोर लावला की वलं हुतंय. वल्या कापडानं देवापुढं कसं बसायचं? घरात ऱ्हायली असती तर हात ग्येला असता. देवाला देता यीना, म्हनून तुमास्नी दिली.”

सुकुमार खाली बघत बसला. ही सनई त्यानं आल्यागेल्या प्रत्येकाला दाखवली होती. आरोग्यमंत्री आले होते तेव्हा त्यांना सुद्धा दाखवली होती.

सरांनी खिशातून रुमाल काढला, सोडला आणि कालचा पेढा मल्लाप्पांच्या हातावर ठेवला.

“हे कशापाय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

सरांनी नुसते हात जोडले.

मग सुकुमार खुर्चीवरून उतरला आणि घोंगड्यावर मल्लाप्पांसमोर बसला. या वेळी त्यानं घाई न करता विचारलं. कधी गळतं, किती गळतं, झोपेत होतं का, उठताना होतं का, किती कपडे बदलावे लागतात. विचारून झालं की तो गप्प बसायचा. पहिल्या उत्तराला “न्हाई” म्हणणारा म्हातारा त्या शांततेत हळूहळू खरं बोलायला लागायचा. काशव्वा दाराआडून दुरुस्त्या करत होती.

त्यानं मल्लाप्पांना व्यायाम शिकवला. लघवी मधेच थांबवताना आपण जिथं आवळतो, तिथं आवळायचं, धरायचं आणि सैल सोडायचं. पोट कडक करायचं नाही, श्वास कोंडायचा नाही.

“श्वास चालू ठेवून नुसतं खालनं धरायचं?” मल्लाप्पांनी विचारलं. त्यांचा चेहरा जरा उजळला. “त्ये जमंल. श्वास चालू ठेवायचा हाच तर आमचा धंदा.”

सुकुमारनं खोटी आशा दाखवली नाही. हे पहिल्याच दिवशी शिकवायला हवं होतं, म्हणाला. आता काही महिने करून बघू, दवाखान्यात सगळं तपासू, नाहीच जमलं तर दुसरे उपाय आहेत. पूर्ण थांबेलच, असं मी आज म्हणणार नाही.

हे ऐकून म्हातारा नाराज होईल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. मल्लाप्पांनी पेढ्याचे दोन तुकडे केले, एक दारात नेऊन काशव्वाला दिला.

निघताना सनई घोंगड्यावरच राहिली. सुकुमारनं वाकून मल्लाप्पांच्या पायांना हात लावला. म्हातारा दचकून मागं सरला, आसं करू नगासा म्हणाला. सुकुमारला काहीतरी बोलायचं होतं. आजवर आभार घ्यायची सवय, मानायची नव्हती. “तुम्ही वाजवून दाखवलंत...” एवढंच त्याला जमलं. पण त्या क्षणी, सगळ्या परीक्षा घेणाऱ्यांपेक्षा आणि सगळी पदकं देणाऱ्यांपेक्षा, या माणसाचं आपल्यावर जास्त ऋण आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं त्याला सुखाचंही होत होतं.

गाडी रस्त्याला लागली.

“सर, बाकीच्यांनाही मी असंच विचारलंय.”

“हं.”

“ते शून्य...”

सर खिडकीतून बाहेर बघत होते. रस्त्याकडेला डाळिंबाच्या बागा होत्या.

“निबंध थांबवतो, सर. परिषदेला कळवतो. सगळ्यांना पुन्हा विचारायला हवं. दवाखान्यात बोलावून नाही, त्यांच्या घरी जाऊन.” तो थांबला. “तुमचं नाव... आता नको घालायला. शून्य राहणार नाही त्यात.”

“आता घाल,” सर म्हणाले.

सुकुमारचे डोळे भरले. पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून त्यानं गाडी बाजूला घेतली. सरांचे आभार कसे मानावेत, ते त्याला सुचत नव्हतं. सरांना त्याची काही घाईही दिसत नव्हती.

“पण सर, त्यांच्या दारात जाऊन उभा कसा राहू? ते मला देव समजतात. आणि मी जाऊन विचारणार, की माझ्या हातून तुमचं काय बिघडलं...”

सरांनी खिशातून रुमाल काढला.

“तुम्ही सांगा, सर. कुठल्या तोंडानं जाऊ?”

सरांनी रिकामा रुमाल झटकला, त्याची नीट घडी केली आणि खिशात ठेवला.

“पेढे घेऊन जा.”